पालिकेच्या बजेटमध्ये आपलं काम घालायला नगरसेवकाची ओळख लागते?

‘फूटपाथ हवा असेल तर नगरसेवकाला गाठा, बजेट आपल्यासाठी नसतं,’ हे पुण्यात कितीतरी वर्षं ऐकू येतं. हे खरं नाही.

पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायला सुरुवात केली. आपल्या प्रभागातलं छोटं काम कुणीही सुचवू शकतं: फूटपाथ, बसथांब्याची शेड, रस्त्यावरचे दिवे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. तिथले अभियंते जागा आणि खर्च तपासतात, मग विषय प्रभाग समितीपुढे जातो. अर्ज करायला ओळखपाळख लागत नाही.

सुचवलेलं सगळंच होतं, असं मात्र नाही. उड्डाणपूल, मेट्रो इथे मागून उपयोग नाही, कारण कामाच्या खर्चाला मर्यादा आहे. मंजूर झालेलं कामही रखडू शकतं. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा आणि अंदाजपत्रक छापून आलं की त्यात आपलं काम शोधा. नसेल तर माहिती अधिकारात विचारा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अर्जातलं वाक्य. ‘फूटपाथ दुरुस्त करा’ एवढ्याने अभियंत्याला काहीच कळत नाही. ‘शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत फरशा उखडल्या आहेत, मधे विजेचा डीपी बॉक्स आहे, व्हीलचेअर रस्त्यावर उतरवावी लागते’ असं लिहा. सोबत फोटो जोडा.

नवा रस्ता कुठून जाणार, हा प्रश्न विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशाचा. तिथेही 1966 च्या नगररचना कायद्याने हरकत घेण्याचा हक्क दिला आहे, पण मुदतीत आणि लेखी.