दंड भरतात, कंडरा मागे राहतात

सैन्यभरतीची जाहिरात आली की कंग्राळी, येळ्ळूर, उचगावच्या रस्त्यांवर पहाटे पोरं धावताना दिसू लागतात. बेळगावातच मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, त्यामुळे सीमाभागात हे वेड जुनंच. १.६ किलोमीटरची धाव आणि बीम, म्हणजे आडव्या दांडीला लटकून अंग वर खेचणं, एवढ्यासाठी अंग मोडून मेहनत चालते. मग महिनाभरात कुणाचं कोपर ठणकायला लागतं, कुणाची नडगी. 'ताकद तर वाढली होती की!' असं पोरं म्हणतात. खरंच वाढलेली असते. गोची तिथंच आहे.

दोन बीम मारणारा तीन आठवड्यांत पाच मारू लागतो, तेव्हा दंड फारसे भरलेले नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू एकाच वेळी जास्त स्नायुतंतूंना कामाला जुंपायला शिकलेले असतात. स्नायू डोळ्यांत भरण्याइतका वाढायला साधारण दीड-दोन महिने लागतात. सगळ्यात संथ कंडरा, म्हणजे स्नायूचं टोक हाडाला बांधणारी चिवट पट्टी. तिच्यात रक्त कमी खेळतं, पेशी मोजक्या, त्यामुळे ती घट्ट व्हायला महिनेच्या महिने जातात. ताकद आलीय म्हणून वजन दामटलं की भार हिच्यावर येतो.

तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराचे जोर-बैठका बेताबेतानं वाढवतो, ते उगीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी जवानांच्या पायांसाठी हेच मोजूनमापून बसवलं. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते आधार धरायचं आणि ताकदीप्रमाणे चढवत न्यायचं. १९४५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

आता उचलण्याची तऱ्हा. रताळ्यांचं ५० किलोचं पोतं कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलंय असं समजा. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढ देतात. म्हणजे नुसतं पोतं तोलायला त्यांना आठपट, जवळजवळ ४०० किलोंचा जोर लावावा लागतो. तेच पोतं २० सेंटिमीटरवर आणलं की २०० किलो. वजन तेच, ओझं निम्मं! मुरलेला हमाल बघा, पोतं आधी मांडीवर ओढून घेतो, छातीशी कवटाळतो, मग उठतो. जिममध्ये 'पाठ सरळ, पाठ सरळ' असा ओरडा चालतो. सल्ला वाईट नाही, पण माझ्या मते जमिनीवरून वजन उचलताना बार, म्हणजे वजनाची दांडी, नडगीला घासत वर येतोय का, हे आधी बघावं. दमल्यावर तोच हळूच पुढे सरकतो आणि मग कमरेत उसण भरते.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देऊ नका, ते तासाभरात निवळतं. स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेची ती कळ असते, तीन-चार दिवसांत ओसरते. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागची, व्यायामागणिक वाढणारी वेदना मात्र वेगळी. तिथं थांबायचं.

सुगीत पंधरा दिवस तालीम चुकली तरी ताकद फारशी उतरत नाही. धोका असतो परतल्यावरच्या पहिल्या दिवशी, सगळी भरपाई एका दमात करण्यात. तेव्हा स्नायू इतके फुटू शकतात की त्यांतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. बैठकांनंतर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरी लेप लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.