प्रायमरीतली ताकद मोजायची कशाने?

मार्च १९६८. न्यू हॅम्पशरची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांनी केलेले मतदान. मतपत्रिकेवर विद्यमान अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे नाव नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहिले आणि तरीही सुमारे ४९ टक्के मते घेऊन ते पहिले आले. त्यांच्याच पक्षातल्या युद्धविरोधी सिनेटरला ४२ टक्के मिळाली. पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा होती ती ४२चीच. महिना संपायच्या आत राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा न लढण्याची घोषणा केली. १९७२ मध्ये याच राज्यात मेनच्या सिनेटरने ४६ टक्के मते घेऊन पहिला नंबर काढला, आणि त्याचा पराभव झाल्यासारखे लिहिले गेले. शेजारच्या राज्यातला माणूस पन्नाशी सहज ओलांडेल, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते.

'अपेक्षेपेक्षा बरे' आणि 'अपेक्षेपेक्षा वाईट' हे माप तेव्हापासून रूढ झाले ते आजतागायत सुटलेले नाही. अपेक्षा ठरवतात वार्ताहर आणि प्रचारप्रमुख, मतदार नव्हे. म्हणून पुढच्या काळात इतर मापे शोधली गेली. जमवलेला निधी हे त्यातले एक. २००३ साली व्हरमाँटच्या माजी गव्हर्नरने चार कोटी डॉलरहून जास्त पैसा उभा केला, चाचण्यांतही आघाडी घेतली, आणि आयोवात १८ टक्क्यांवर तिसरा आला. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या माजी गव्हर्नरच्या बाजूने दहा कोटींहून जास्त डॉलर उभे होते. पदरात पडले चार डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या बाजूने मत देणारी चार माणसे. २००८ च्या सुमारास अभ्यासकांचा भर पक्षातल्या पुढाऱ्यांच्या जाहीर पाठिंब्यावर होता. १९८० नंतरच्या निवडणुकांना ते गणित बरेच लागू पडत होते. २०१६ च्या रिपब्लिकन लढतीत मात्र पुढारी एका बाजूला आणि मतदार दुसऱ्या बाजूला, असे चित्र दिसले.

राहतात डेलिगेट. मराठी वर्तमानपत्रे त्यांना 'प्रतिनिधी' म्हणतात, आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांनाही तोच शब्द वापरतात. वाचकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो, म्हणून इथे डेलिगेटच म्हणू. पक्षाच्या अधिवेशनात मत देतो तो हा माणूस. उमेदवारी तोच देतो.

आणि या हिशेबाचे सगळे मर्म २००८ च्या डेमोक्रॅटिक लढतीत सापडते. ५ फेब्रुवारीला बावीसेक राज्यांत एकाच दिवशी मतदान झाले. न्यू जर्सीत दोन्ही प्रमुख उमेदवारांना मिळून अकरा लाखांहून जास्त मते पडली. न्यूयॉर्कच्या सिनेटर हिलरी क्लिंटन सुमारे १० टक्क्यांनी जिंकल्या, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८. फायदा ११ चा. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला, म्हणजे मतदारांनी सभेत जमून पसंती नोंदवण्याच्या पद्धतीला, जेमतेम २१ हजार लोक आले. इलिनॉयचे सिनेटर बराक ओबामा यांना तिथे जवळपास ८० टक्के मिळाले, डेलिगेट १५ विरुद्ध ३. फायदा १२ चा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांत त्या रात्री तिथलाच निकाल पाहिला गेला असणार. आयडाहोचा निकाल फार थोड्यांनी पाहिला, पण आघाडी तिथे तयार होत होती.

हे कसे घडते ते एका मतदारसंघापुरते पाहू. चार डेलिगेटचा मतदारसंघ असेल आणि निकाल ५५–४५ लागला, तर वाटणी दोन–दोन. तीन–एक हवे असतील तर साडेबासष्ट टक्के घ्यावे लागतात. पण पाच डेलिगेटच्या मतदारसंघात अर्ध्याहून एक मत जास्त मिळाले तरी तीन–दोन. म्हणजे सम आकड्याच्या मतदारसंघात दहा टक्क्यांची आघाडी वाया जाते आणि विषम आकड्याच्या मतदारसंघात एका मतालाही किंमत येते. नेवाडात त्याच वर्षी ५१–४५ ने हरलेल्या उमेदवाराला १३ डेलिगेट मिळाले आणि जिंकलेलीला १२. इलिनॉयच्या सिनेटरच्या प्रचारयंत्रणेने अशा सम-विषम मतदारसंघांची यादी आधी करून ठेवली होती, म्हणून तिला आपण कुठे उभे आहोत हे रोज कळत होते. फेब्रुवारीत तिचा राज्यवार अंदाजाचा तक्ता चुकून पत्रकारांच्या हाती लागला. त्यात टेक्सास, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये हरण्याच्या रकान्यात होती, आणि तरीही एकूण बेरजेत आघाडी होती.

मोठी राज्ये जिंकणाऱ्या बाजूने, म्हणजे न्यूयॉर्कच्या सिनेटरच्या बाजूने, मग वेगळे माप पुढे केले: देशभरातली एकूण मते. ऐकायला ते न्याय्य वाटते. पण आयोवा, नेवाडा, मेन आणि वॉशिंग्टन या कॉकस-राज्यांनी मतांचे आकडे दिलेच नव्हते. आणि मिशिगनचे काय करायचे, हा प्रश्न होता.

मिशिगनने ठरलेल्या तारखेआधी, १५ जानेवारीला, मतदान घेतले म्हणून पक्षाने त्या राज्याचे सगळे डेलिगेट आधीच रद्द केले होते. इलिनॉयच्या सिनेटरने मतपत्रिकेवरून नाव काढून घेतले. न्यूयॉर्कच्या सिनेटरने ठेवले. तिला ५५ टक्के मिळाले आणि 'कोणीच नाही' या रकान्यात ४० टक्के पडले. हाताने लिहिलेली नावे मोजली गेली नाहीत. मिशिगन जसेच्या तसे धरले तर एकूण मतांत ती पुढे, वगळले तर तो पुढे. एका राज्याच्या जमाखर्चावर देशाचा 'लोकमताचा कौल' उलटासुलटा होत असेल, तर ते माप म्हणून कसे चालेल?

३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीने मिशिगनबद्दल निर्णय दिला. मतांप्रमाणे वाटणी तिला ७३ आणि त्याला ५५ अशी झाली असती, तीसुद्धा 'कोणीच नाही' ची सगळी मते एकाच उमेदवाराची समजून. समितीने १९ विरुद्ध ८ मतांनी ६९–५९ ठरवले, आणि प्रत्येक डेलिगेटला अर्धे मत दिले. उमेदवारीसाठी लागणारा आकडा २,११८ वर गेला. ते जादा चार डेलिगेट कोणत्या मतांतून आले, याचे सरळ उत्तर मतमोजणीत सापडत नाही. राज्यातल्या पक्षनेत्यांनी सुचवलेली ती तडजोड होती. निकालावर तिचा परिणाम झाला नाही, हे खरे. तरी मला ती आजही पटत नाही. ज्याने नाव काढून घेतले त्याच्या खात्यात अंदाजाने डेलिगेट टाकायचे आणि त्याला मोजणी म्हणायचे, हे दोन्ही बाजूंच्या मतदारांवर अन्यायाचे होते. ऑगस्टच्या अधिवेशनात मिशिगनला पूर्ण मते परत मिळाली, पण तोवर विषय संपला होता.

२०१२ मध्ये आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसच्या रात्री एक उमेदवार ८ मतांनी विजयी ठरला, दोन आठवड्यांनी दुसरा ३४ मतांनी पुढे निघाला, आणि अधिवेशनाला गेलेले बहुतेक डेलिगेट तिसऱ्याचेच निघाले. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्क्यांवर एकाच उमेदवाराने ५० च्या ५० डेलिगेट नेले. त्या वर्षीपासून लक्ष्याची पद्धत रुळली. प्रत्येक राज्याचे नियम आणि मतदारांची घडण पाहून प्रत्येक उमेदवाराला तिथे किती डेलिगेट हवेत हे मतदानाआधी ठरवायचे आणि नंतर मिळालेले त्याच्याशी ताडून पाहायचे. अपेक्षा इथेही आहे, पण ती आधी लिहून ठेवलेली आणि बेरजेला बांधलेली. २०२० मध्ये आयोवात चौथ्या आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचव्या आलेल्या माजी उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना अनेकांनी संपवून टाकले. ती दोन राज्ये मिळून ३,९७९ पैकी ६५ डेलिगेट देत होती.

राष्ट्राध्यक्षपदाच्या खालच्या लढतींत डेलिगेट नसतात, तिथे प्रश्न अजून बिकट आहे. बेळगावात वाढलेल्या एका मराठी उद्योजकाने २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीसाठी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर ओतले आणि सुमारे १८ टक्क्यांवर तिसरा आला. २०२२ मध्ये डेट्रॉइटकडच्या मतदारसंघात नऊ जणांच्या गर्दीत २८ टक्क्यांवर तो प्रायमरी जिंकला आणि पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, गेला. नुसते टक्के पाहून यातला फरक समजत नाही. समोर किती जण उभे होते, ते पाहावे लागते.

जुने आकडे नव्या लक्ष्यांसाठी वापरतानाही काळजी लागते. आयडाहोच्या डेमोक्रॅटांनी २०२० मध्ये कॉकस सोडून प्रायमरी घेतली. जिथे एकदा २१ हजार लोक आले होते तिथे लाखाहून जास्त मते पडली.