न्यूयॉर्कमधील वकिलीची सनद आणि ५० तासांची विनामूल्य विधी सेवा: पात्रता व कागदपत्रे

न्यूयॉर्क राज्यात वकिली करण्यासाठी बार परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. सनदेसाठी अर्ज करण्यापूर्वी किमान ५० तास विनामूल्य विधी सेवा, म्हणजेच प्रो बोनो काम, केल्याचे सिद्ध करावे लागते. राज्याचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी १ मे २०१२ रोजी हा निर्णय जाहीर केला आणि अशी अट घालणारे न्यूयॉर्क हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. अट लागू झाली ती १ जानेवारी २०१५ पासून सनद घेणाऱ्यांना. भारतातून एलएलएमसाठी, म्हणजे कायद्यातील पदव्युत्तर पदवीसाठी, तेथे जाऊन बार परीक्षा देणाऱ्यांनाही ती चुकत नाही. अन्य राज्यातील अनुभवाच्या आधारे परीक्षेविना प्रवेश मिळवणाऱ्या वकिलांना मात्र ती लागू नाही.

कोणते काम ग्राह्य धरले जाते, हा या नियमातील कळीचा भाग आहे. काम कायद्याशी संबंधित असले पाहिजे आणि ते आर्थिकदृष्ट्या दुर्बल व्यक्ती, ना-नफा संस्था, न्याय मिळवण्यासाठी किंवा नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या व्यक्ती व संघटना, अथवा न्यायालय, विधिमंडळ व शासकीय विभाग यांपैकी कोणासाठी तरी केलेले असावे. त्यामुळे रक्तदान शिबिर भरवणे, वृक्षारोपण करणे किंवा मुलांना शिकवणे ही समाजसेवा कितीही मोलाची असली तरी या ५० तासांत मोजली जात नाही. पक्षीय राजकारणाचे कामही वगळलेले आहे. उलट, विधी महाविद्यालयाच्या क्लिनिकमधील, म्हणजे विद्यार्थी देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रकरणे हाताळतात अशा उपक्रमातील, कामासाठी श्रेयांक मिळाले असले तरी ते चालते. ‘विनामूल्य’ या शब्दामुळे अनेक विद्यार्थी असे तास उगाच सोडून देतात.

काम योग्य देखरेखीखाली झालेले असणे ही दुसरी अट आहे. पर्यवेक्षक विधी महाविद्यालयातील अध्यापक असावा, किंवा जेथे काम झाले तेथे वकिली करण्यास पात्र असलेला वकील असावा. न्यायालयातील कामासाठी न्यायाधीश किंवा न्यायालयाच्या सेवेतील वकील चालतो. काम जगात कोठेही करता येते. म्हणून भारतातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा विधी सहाय्य केंद्रात वकिलाच्या देखरेखीखाली केलेले कामही दाखवता येते, मात्र त्याचा काळ नियमात बसला पाहिजे. सामान्यतः कायद्याचे शिक्षण सुरू झाल्यानंतरचे काम धरले जाते. एलएलएमच्या आधारे पात्र ठरणाऱ्या परदेशी पदवीधरांसाठी तो अभ्यासक्रम सुरू होण्याच्या लगतपूर्वीच्या एका वर्षातील कामही चालते. एलएलबीच्या पहिल्या वर्षी केलेल्या कामाची जुनी प्रमाणपत्रे घेऊन जाणाऱ्यांनी ही मर्यादा आधी तपासावी.

कागदपत्रांमध्ये मुख्य असते ते अनुपालनाचे, म्हणजे अट पूर्ण केल्याचे, विहित नमुन्यातील शपथपत्र. त्यात कामाचे स्वरूप, तारखा आणि तासांची संख्या नमूद करावी लागते व पर्यवेक्षकाने ती माहिती प्रमाणित करावी लागते. तास दोन-तीन ठिकाणी मिळून पूर्ण झाले असतील, तर प्रत्येक कामासाठी स्वतंत्र शपथपत्र द्यावे लागते. ‘कायदेविषयक मदत केली’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणासाठी, कोणत्या स्वरूपाचे आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे स्पष्ट लिहिणे हिताचे असते. पर्यवेक्षकाची स्वाक्षरी काम संपताच घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण वर्ष उलटल्यावर तो वकील त्याच संस्थेत भेटेलच असे नाही.

अमेरिकेतील अनेक विधी महाविद्यालये ठरावीक तास सेवा देणाऱ्या विद्यार्थ्यांचा पदवीदानाच्या वेळी सन्मान करतात. काही ठिकाणी त्या सन्मानासाठी बिगर-कायदेविषयक समाजसेवाही मोजली जाते, परंतु असे प्रशस्तिपत्र शपथपत्राची जागा घेऊ शकत नाही.

हे ५० तास बार परीक्षेपूर्वीच पूर्ण असावेत, असे बंधन नाही. परीक्षेनंतर निकालाची वाट पाहतानाही उरलेले तास भरून काढता येतात, मात्र अपिलीय विभागाकडे, म्हणजे सनद देणाऱ्या राज्याच्या अपील न्यायालयाकडे, सनदेचा अर्ज दाखल करताना सर्व शपथपत्रे त्यासोबत जोडलेली असली पाहिजेत.