बाप्तिस्म्यानंतरची कबुली: रमाबाईंच्या साक्षीमागची पार्श्वभूमी

प्रार्थनासभेत कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की पुढे काय येणार ते चर्चला जाणाऱ्यांना बहुतेक पाठच असतं, आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, बाप्तिस्मा झाला आणि आता सगळं छान. खोटं असतं असं नाही म्हणत मी. पण सगळा काळोख बाप्तिस्म्याच्या अलीकडे ढकलला की आजच्या स्वतःबद्दल काही कबूलच करावं लागत नाही. पंडिता रमाबाईंची १९०७ ची साक्ष इथेच वेगळी पडते. बाप्तिस्मा घेऊन सुमारे ८ वर्षं झाली तरी आपल्याला फक्त ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्या त्यात सरळ लिहितात.

असं बोलणाऱ्या त्या काही पहिल्या नव्हेत. बायबलमधल्या स्तोत्र १३९ मध्ये देवालाच सांगितलंय की तू माझी झडती घे. पण रमाबाईंच्या जवळचा धागा इंग्लंडचा आहे. जॉन वेस्ली दीक्षित पाळक, अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून जाऊन आलेला, आणि १७३८ च्या जानेवारीत परतीच्या जहाजावर डायरीत काय लिहितो, तर मी तिथल्या इंडियन लोकांचं (म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं) परिवर्तन करायला, त्यांना ख्रिस्ताकडे वळवायला गेलो होतो पण माझं परिवर्तन कोण करणार! त्याच वर्षाच्या शेवटी त्याने छोट्या गटांसाठी नियम काढले, गटातल्या प्रत्येकाला दर भेटीत विचारायचं की मागच्या वेळेपासून कुठलं पाप केलंस, कुठला मोह झाला, आणि लपवून ठेवावंसं वाटतंय असं काही आहे का. हा शेवटचा प्रश्न आज एखाद्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, विचारून बघा, सगळे घड्याळाकडे बघतील.

पुढे १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधला विल्यम हॅस्लम हा पाळक, एका मित्राने त्याला तोंडावर सांगितलं होतं की तुझंच परिवर्तन झालेलं नाही, आणि रविवारी स्वतःचाच उपदेश करता करता पुलपिटवर त्याला ते पटलं. समोर बसलेला एक मेथडिस्ट, म्हणजे वेस्लीच्याच पंथातला माणूस, ओरडला, पाळकाचं परिवर्तन झालं! हॅस्लमने हे सगळं आत्मचरित्रात लिहिलं आणि तेच पुस्तक पुढे रमाबाईंच्या हातात पडलं.

त्याआधीच्या रमाबाई समजून घ्यायला हव्यात. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला, पण न पटलेलं पटलंय असं म्हणायला ही बाई तयारच नव्हती. वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीनशी पत्रातून नुसते वाद. येशूच्या देवत्वाबद्दल शंका, आणि आत्ता कुठे इकडच्या पुरोहितांचं जोखड मानेवरून काढलंय तर तुमचं का घेऊ, हा सवाल. क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, यावरसुद्धा पत्रं आहेत. जेराल्डीनना हा गर्व वाटायचा. मला नाही वाटत. पण हेही खरं की हा दुसऱ्यांसमोरचा प्रामाणिकपणा होता आणि त्यात रमाबाई पहिल्यापासून तरबेज.

स्वतःसमोरचा वेगळा, आणि तो १८९१ च्या सुमारास आला. तोपर्यंत नाव झालेलं, अमेरिकेतल्या देणगीदारांच्या पैशावर १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा आणि वसतिगृह सुरू होऊन नंतर पुण्याला हललेलं, इकडे सनातनी टपलेले. अशा वेळी हॅस्लम वाचून त्यांनी स्वतःला विचारलं की हा अनुभव मला आहे का, आणि उत्तर आलं, नाही. आपण ख्रिस्ती धर्म मुख्यतः बुद्धीने मान्य केलाय हे त्यांच्या लक्षात आलं.

याची किंमतही पडली. त्यानंतर त्यांची प्रार्थना जास्त उघड झाली, सदनातल्या मुली आपणहून येऊन बसायला लागल्या, आणि १८९३ ला बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळातली माणसं बाहेर पडली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही, इथे धर्म शिकवणार नाही असं आश्वासन त्यांना मिळालेलंच होतं.

मग केडगाव. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या मुलींना रोज प्रार्थनेला बोलावलं, जूनअखेर तिथे संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती, सुरू झालं आणि मुली रडत, मोठमोठ्याने पापं कबूल करू लागल्या. मिनी एब्रम्स ही मेथडिस्ट मिशनरीही तेव्हा तिथेच होती, म्हणजे वेस्लीचा धागा थेट दौंड तालुक्यात पोचला म्हणा ना. मला मात्र शेकडोंच्या गर्दीतल्या कबुलीपेक्षा १८९१ ची कबुली अवघड वाटते. गर्दीत शेजारची रडते म्हणून आपल्यालाही रडू येतं. रमाबाईंना तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं.