गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्हवर शूटिंग करायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

मुंबईतल्या प्रसिद्ध जागांवर चित्रीकरणासाठी केलेले अर्ज परत येतात, ते बहुतेक एकाच कारणाने. अर्जात जागेचं नाव ठळक लिहिलेलं असतं, पण कॅमेरा नेमका कोणाच्या हद्दीत उभा राहणार हे कुणी पाहिलेलंच नसतं.

सीएसएमटीचं, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं उदाहरण घ्या. फलाट, आतली दालनं, लोकलचा डबा हे सगळं मध्य रेल्वेचं. त्याची परवानगी मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळते. पण घुमटासकट जी दर्शनी बाजू सगळ्यांना हवी असते, ती दिसते समोरच्या रस्त्यावरून, महापालिका मुख्यालयाच्या बाजूने. तिथला फुटपाथ महापालिकेचा, आणि वाहतूक थांबवायची तर वाहतूक पोलिसांची परवानगी वेगळी. रेल्वेचं पत्र हातात धरून तिथे ट्रायपॉड लावलात तर हवालदार उठवणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

गेटवेला तर गोंधळ हमखास. गेटवे हे राज्य संरक्षित स्मारक, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. तिथूनच लाँच पकडून ज्या घारापुरीला जातो, ती लेणी मात्र केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. दोन्हीकडे 'पुरातत्त्व' शब्द आहे म्हणून एकाच अर्जात दोन्ही जागा घालणारे दर हंगामात भेटतात. वांद्रे-वरळी सागरी सेतू राज्य रस्ते विकास महामंडळाचा, ससून डॉक बंदर प्राधिकरणाचा. मरीन ड्राइव्ह सरळ एक रस्ता वाटतो, पण नरिमन पॉइंटचं टोक महापालिकेच्या ए विभागात आणि गिरगाव चौपाटी डी विभागात. म्हणून अर्जात नुसतं 'मरीन ड्राइव्ह' लिहू नका. जवळची इमारत किंवा चौक लिहा, नकाशावर खूण करून जोडा.

'एक खिडकी' म्हणजे काय

राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या जागांसाठी गोरेगाव चित्रनगरीतलं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ एक खिडकी योजनेतून ऑनलाइन अर्ज घेतं. सोय चांगली आहे, जरूर वापरा. पण रेल्वे आणि केंद्रीय पुरातत्त्व यांची परवानगी त्यातून आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. परदेशी निर्मिती संस्था असेल तर कथापटासाठी (फीचर फिल्मसाठी) केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी आधी लागते, आणि तो अर्ज 'इंडिया सिने हब' या पोर्टलवरून जातो.

नेहमीचे कागद सगळ्यांना माहीत असतात: निर्मिती संस्थेची नोंदणी, पॅन, पत्त्याचा पुरावा, निर्माता संघटनेचं पत्र, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. विद्यार्थी असाल तर संस्थेच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र घ्या. एवढं सांभाळा की अर्ज, विमा आणि अनामत रक्कम तिन्ही एकाच नावाने असू द्या. अर्ज लाइन प्रोड्यूसरच्या (चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्याच्या) नावाने आणि पैसे निर्मात्याच्या खात्यातून, असं झालं की अनामत परत मिळताना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात.

हद्दीनंतर अडतो तो दृश्याचा तपशील

हा कागद धड कोणाकडेच नसतो. कोणी अख्खी पटकथा जोडतं, कोणी 'नायक-नायिका भेटतात' एवढंच लिहितं. अधिकाऱ्याला हवं असतं ते एका पानावर मावतं: 'रात्री ११ ते पहाटे ४. कॅमेरा फुटपाथवर, एक ट्रॉली. दोन कलाकार चालत येतात, संवाद सहा ओळी. युनिट ३५ जण. जनरेटर व्हॅन गल्लीत उभी, रस्ता अडवणार नाही.' दृश्यात खोटी बंदूक, पोलिसाचा गणवेश किंवा पळापळ असेल तर तेही स्पष्ट लिहा. सीएसएमटी आणि गेटवेचा परिसर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात होरपळला आहे. तिथे न सांगता खेळण्यातलं पिस्तूल काढणं हा नुसता नियमभंग नाही, गर्दीतल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

कार्यालयांनाही एक सांगायलाच हवं. 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत पाठवायचा आणि कोणता कागद अपूर्ण ते सांगायचं नाही, ही पद्धत संतापजनक आहे. एक ओळ जास्त लिहिली तर एखाद्या नवख्या निर्मात्याच्या, कलाकारांच्या तारखा वाचतात. असा शेरा आला तर तोंडी विचारून परत फिरू नका. ईमेल करून लेखी उत्तर मागा.

मुदत

केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५९ च्या नियमांनुसार 'नमुना ९' मध्ये किमान तीन महिने आधी अर्ज करावा लागतो. हे तीन महिने चित्रीकरण सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजायचे. आता अर्ज पोर्टलवर भरता येतो म्हणून मुदत कमी झाली, असा समज करून घेऊ नका. परवाना ठरलेल्या कालावधीपुरताच असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. लेण्यांवर पाणी, तेल, ग्रीस असलं काही लावायचं नाही, जनरेटर स्मारकापासून दूर ठेवायचा, आणि पर्यटकांची वाट अडवायची नाही. घारापुरी सोमवारी बंद असते. सोमवार रिकामा मिळेल या हिशेबाने वेळापत्रक लावू नका.

रेल्वेकडे गर्दीच्या वेळा मागूच नका. गोष्टीला फक्त स्टेशन हवं असेल, सीएसएमटीच हवं असं नसेल, तर रायगडमधल्या आपटा किंवा साताऱ्यातल्या वाठार स्टेशनचा विचार करा. दोन्हीकडे मोठमोठ्या हिंदी चित्रपटांचं काम झालं आहे आणि गर्दी नावापुरती.

ड्रोन आणि लहान मुलं

दक्षिण मुंबईत नौदलाचा तळ आहे, शिवाय ड्रोनवर पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात. ड्रोनचा शॉट परवानगी हातात आल्याशिवाय वेळापत्रकात धरू नका.

बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार त्या जिल्ह्याची. सीएसएमटी मुंबई शहर जिल्ह्यात, जुहू उपनगर जिल्ह्यात. एकाच चित्रपटाचं काम दोन्हीकडे असेल तर दोन अर्ज. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आईवडिलांची संमती आणि सेटवर मुलांची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव अर्जासोबतच द्या. नंतर देऊ म्हणून मागे ठेवलेले कागद हेच असतात, आणि अर्ज थांबतो तोही यांच्यापायीच.