डेलिगेट आणि ‘शॅडो’ प्रतिनिधी : वॉशिंग्टनमध्ये निवडून दोघे येतात, आसन एकालाच

अमेरिकेची राजधानी असलेल्या, पण राज्याचा दर्जा नसलेल्या वॉशिंग्टन डी. सी.च्या मतदाराला दर दोन वर्षांनी मतपत्रिकेवर सहज गोंधळात टाकतील अशी दोन पदे दिसतात. एक, ‘प्रतिनिधीगृहातील (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) डेलिगेट’ आणि दुसरे, ‘युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह’. दुसरे पद ऐकायला भारदस्त वाटते. पण सभागृहात आसन मिळते ते पहिल्याला, आणि दुसऱ्याच्या, म्हणजे रूढ भाषेतल्या ‘शॅडो’ प्रतिनिधीच्या वाट्याला ना आसन येते, ना वेतन. (ब्रिटनमधल्या विरोधी पक्षाच्या शॅडो मंत्रिमंडळाशी याचा काही संबंध नाही.)

डेलिगेटचे पद अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९७० मध्ये कायदा करून निर्माण केले आणि पुढच्याच वर्षी वॉल्टर फाँट्रॉय त्यावर निवडून आले. डेलिगेट विधेयक मांडू शकतो, चर्चेत बोलू शकतो, स्थायी समित्यांमध्ये मतही देऊ शकतो. मात्र विधेयक अंतिम मंजुरीसाठी सभागृहापुढे आले की त्याचा मताधिकार संपतो. १९९१ पासून डेलिगेट म्हणून काम पाहणाऱ्या एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी डी. सी.ला राज्याचा दर्जा देणारे विधेयक मांडले आणि जून २०२० मध्ये प्रतिनिधीगृहाने ते २३२ विरुद्ध १८० मतांनी मंजूरही केले, पण त्या २३२ मतांत विधेयक मांडणाऱ्या नॉर्टन यांचेच मत नव्हते. सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ते पुढे नेले नाही, हा भाग वेगळा.

शॅडो प्रतिनिधीचे पद काँग्रेसने दिलेले नाही, ते डी. सी.ने स्वतःच्या कायद्याने उभे केले आहे. १९९० मध्ये पहिल्यांदा दोन शॅडो सिनेटर आणि एक शॅडो प्रतिनिधी निवडले गेले. त्या सिनेटरांपैकी एक नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन होते. काँग्रेस या शॅडो सिनेटरांना आणि प्रतिनिधीला सदस्य मानत नाही. त्यांचे काम एकच, राज्याच्या दर्जासाठी खासदारांचा पाठपुरावा करणे. त्यामुळे या पदाला दुय्यम डेलिगेट समजणे चुकीचे ठरेल. ते निवडणुकीच्या मार्गाने पुढे रेटलेले मागणीपत्र आहे, असे म्हणणे अधिक नेमके.

ही युक्ती जुनी आहे. १७९६ मध्ये टेनेसीने राज्य होण्याआधीच आपले सिनेटर निवडून पाठवले होते. दोन्ही पदे शेजारी ठेवून पाहायची असतील तर अलास्काचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथले अधिकृत डेलिगेट बॉब बार्टलेट प्रतिनिधीगृहात बसत असतानाच १९५६ मध्ये मतदारांनी अर्नेस्ट ग्रूनिंग आणि विल्यम ईगन यांना सिनेटसाठी, तर राल्फ रिव्हर्स यांना प्रतिनिधीगृहासाठी निवडले. काँग्रेसने या तिघांना सदस्य म्हणून बसवून घेतले नाही. १९५९ मध्ये अलास्का राज्य झाले तेव्हा बार्टलेट आणि ग्रूनिंग सिनेटर झाले, ईगन गव्हर्नर झाले आणि प्रतिनिधीगृहातले अलास्काचे आसन, या वेळी मताच्या अधिकारासह, रिव्हर्स यांच्याकडे आले.