ब्रेव्ह की फायरफॉक्स? आधी बघा, पैसे कुठून येतात

क्रोम ब्राउझर सोडायचं ठरवलं की दोन नावं पुढे येतात, ब्रेव्ह आणि फायरफॉक्स. दोन्ही पाळत रोखतात, म्हणून अनेकांना ती एकाच माळेतले मणी वाटतात. पण दोघांचं पोट वेगवेगळ्या धंद्यावर चालतं, आणि जाहिराती किती अडणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

नवाकोरा फायरफॉक्स घेऊन एखाद्या मराठी बातम्यांच्या साइटवर जा. जाहिराती दिसतीलच. २०१९पासून फायरफॉक्स ओळखीचे ट्रॅकर, म्हणजे साइटोसाइटी तुमचा माग काढणारे कोड, आपणहून अडवतो. त्यामुळे एका ठिकाणी चपला पाहिल्या म्हणून त्या गावभर मागे लागणं कमी होतं, पण जाहिरातीची चौकट बहुधा जागेवरच राहते. ट्रॅकर अडवणं वेगळं आणि जाहिरात अडवणं वेगळं. हा फरक माहीत नसल्यामुळेच ‘फायरफॉक्स घेतला, तरी जाहिराती आहेतच’ अशी तक्रार होते.

जाहिराती घालवायला युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं पूरक सॉफ्टवेअर, टाकावं लागतं. ते फुकट आहे आणि ते बनवणारे रेमंड हिल त्यासाठी देणगीही घेत नाहीत. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलकडून येतं, फायरफॉक्समध्ये शोधासाठी गुगल आधीपासून निवडलेलं असतं त्याचा मोबदला म्हणून. गुगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा. फायरफॉक्स सगळ्या जाहिराती स्वतःहून अडवत नाही, यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. तरीही मोझिलाने एक महत्त्वाची गोष्ट जपली. पूर्वी एक्स्टेन्शनला वेबपान मागवत असलेली प्रत्येक गोष्ट वाटेत थांबवून तपासता येई. एक्स्टेन्शनसाठीच्या गुगलच्या मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या चौकटीत एक्स्टेन्शनने फक्त काय अडवायचं त्याची यादी आधी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. क्रोमने २०२४पासून जुनी पद्धत बंद करत नेली, त्यामुळे तिथे युब्लॉकची ‘लाइट’ आवृत्तीच उरली. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली, म्हणून पूर्ण ताकदीचं युब्लॉक तिथे चालतं.

ब्रेव्ह क्रोमच्याच क्रोमियम या मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभा आहे. पण त्याचा जाहिरातरोधक एक्स्टेन्शन नसून ब्राउझरच्या आतच बांधलेला आहे, त्यामुळे या नव्या चौकटीचा त्याला फटका बसत नाही. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक आणि मोझिलाचे सहसंस्थापक ब्रेंडन आइक हे ब्रेव्हचे एक संस्थापक. इतरांच्या जाहिराती अडवणारी ही कंपनी स्वतः मात्र जाहिराती विकते: नव्या टॅबवर प्रायोजित चित्रं असतात, आणि ‘रिवॉर्ड्स’ चालू केलं तर जाहिराती पाहण्याबद्दल बॅट नावाचं क्रिप्टो टोकन मिळतं. २०२०मध्ये काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप करताना ब्रेव्ह त्यांना स्वतःचा रेफरल कोड (ग्राहक पाठवल्याबद्दल कमिशन मिळवून देणारा कोड) जोडत असल्याचं उघड झालं. आइक यांनी चूक कबूल केली आणि ते बंद झालं, पण मला ते अजून खटकतं.

कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर मी फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिनच सुचवेन. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. आयफोनवर उलटं आहे: तिथल्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक चालत नाही, म्हणून तिथे ब्रेव्ह घ्या. आईबाबांच्या फोनवरही ब्रेव्हच सोपा, वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त नव्या टॅबवरची प्रायोजित चित्रं सेटिंगमधून बंद करून द्या, आणि रिवॉर्ड्स चालू करू नका म्हणून सांगा.